हाडांचे दफ्तर

इसवी सन १५५५ मध्ये प्येर बेलाँ नावाच्या फ्रेंच निसर्गाभ्यासकाने पॅरिस येथे पक्षिसृष्टीविषयी एक जाडजूड ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, आणि त्या ग्रंथाच्या समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर दोन सांगाडे उभे केले: एक मनुष्याचा व दुसरा पक्ष्याचा. पक्ष्याचा सांगाडा जसा आडवा असतो तसा न काढता माणसाप्रमाणे उभा टांगलेला असून त्याचे पंख दोन्ही अंगांना हातांसारखे सोडलेले होते. आणि चित्रकाराने हाडाहाडाला अक्षरांच्या खुणा घालून अशी तजवीज ठेवली होती, की जे अक्षर माणसाच्या दंडाच्या हाडावर तेच पक्ष्याच्या पंखाच्या मुळाशी असलेल्या हाडावर सापडावे. बेलाँ हा तुर्की सुलतानाच्या अमलाखालील मुलखात काही वर्षे हिंडून, तेथील मासे, पाखरे आणि वनस्पती डोळ्यांखालून घालून परतलेला, चौकस वृत्तीचा गृहस्थ होता. तथापि हे दोन सांगाडे इतके जुळतात ते का, या प्रश्नाच्या वाटेला तो गेला नाही, आणि १५६४ मध्ये पॅरिसजवळच्या रानात मारेकऱ्यांनी त्याचा प्राण घेतला. चित्र मात्र उरले. आणि दोन प्राण्यांची हाडे शेजारी मांडून त्यांची ओळख पटवण्याची जी वहिवाट पुढे तीनशे वर्षे युरोपातल्या शारीरशास्त्रज्ञांनी चालवली, तिचा पहिला ठळक दाखला म्हणून आजही त्याच चित्राकडे बोट दाखवले जाते.

साम्य दोन जातींचे असते. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख ही दोन्ही उडण्याची साधने खरी, परंतु एकात बोटांची लांबलचक हाडे आहेत आणि दुसऱ्यात हाडाचा लवलेशही नाही. काम एक, घडण निराळी. उलटपक्षी वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय, देवमाशाचे वल्हे आणि लिहिणाऱ्याचा हात यांची कामे एकमेकांशी मुळीच मिळत नाहीत, आणि तरीही त्या प्रत्येकात आधी एक हाड, मग दोन, मग मनगटाच्या गोट्या आणि शेवटी बोटे, असा एकच क्रम कायम राहतो. पहिल्या प्रकारच्या अवयवांना आपण समवृत्ती आणि दुसऱ्या प्रकारच्यांना समजात म्हणतो. शाळेच्या पुस्तकात हा भेद अर्ध्या पानात संपतो. पण तो ज्यांनी प्रस्थापित केला त्यांना त्याचे कारण ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ते सांगण्यात आले त्यांच्यापैकी कित्येकांनी ते मानलेही नाही. ही हकीकत मला त्या व्याख्यांपेक्षा अधिक मनोवेधक वाटते.

तिचे मुख्य ठिकाण पॅरिस शहरातील एक बाग होय. तेराव्या लुईच्या फर्मानाने १६२६ मध्ये राजाच्या औषधी वनस्पतींसाठी तिची स्थापना झाली. पुढे ब्यूफाँने अठराव्या शतकात जवळजवळ पन्नास वर्षे तिचा कारभार पाहिला आणि तिला सबंध निसर्गाचे संग्रहालय करून टाकले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ज्या वर्षी राजाचे मस्तक उडवले गेले त्याच १७९३ च्या जून महिन्यात, क्रांतिकारकांच्या सभेने या राजबागेचे नाव बदलून तिचे राष्ट्रीय संग्रहालय केले आणि बारा प्राध्यापकांच्या जागा निर्माण केल्या. त्यांतली चतुष्पाद आणि पक्षी यांची जागा एत्येन झोफ्रुआ सँ-तिलेर या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणाला मिळाली. बागेतच वन्य प्राण्यांचे एक आवारही उभे राहिले. व्हर्सायच्या राजवाड्यात उरलेली आणि रस्त्यावर खेळ करणाऱ्यांकडून जप्त केलेली जनावरे तेथे येऊन पडू लागली. तेथे मेलेले जनावर वाया जात नसे. ते शारीरशास्त्रज्ञाच्या टेबलावर जाई, मांस सोडवून हाडे स्वच्छ केली जात आणि तारेने जुळवून सांगाडा पुन्हा उभा केला जाई. कारखानाच होता तो. आणि त्याला लागणारा कच्चा माल फ्रान्सच्या फौजा व फ्रान्सची जहाजे पुरवीत होती.

या बागेत १७९५ मध्ये नॉर्मंडीतल्या एका सरदार घराण्यात मुलांना शिकवणारा शिक्षक आला. त्याचे नाव जॉर्ज क्युव्हिए. झोफ्रुआने त्याला मोठ्या अगत्याने ठेवून घेतले, दोघांनी मिळून निबंध लिहिले, आणि काही काळ दोघांचे सख्य असे होते की पुढच्या वैराची कल्पनाही कोणाला येऊ नये. १७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला जाण्याचे निमंत्रण दोघांनाही आले. झोफ्रुआ गेला, क्युव्हिए पॅरिसातच राहिला. झोफ्रुआने नाईल नदीतले मासे चिरले, थडग्यांतले ममी केलेले पक्षी गोळा केले, आणि १८०१ मध्ये इंग्रजांनी शरणागतीच्या अटीप्रमाणे तो संग्रह मागितला तेव्हा तो देण्याऐवजी जाळून टाकू असे बजावून तो वाचवला. परत येऊन पाहतो तो, ज्याला आपण हात दिला तो मित्र बागेचा, आणि बागेबाहेरच्या विद्येच्या दरबाराचाही, मुख्य होऊन बसलेला.

क्युव्हिएची दृष्टी कारभाऱ्याची होती. शरीर म्हणजे ज्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागावर अवलंबून आहे असा बंदोबस्त. मांस फाडणारा दात असेल तर पंजाला नखे हवीत, पोटातले आतडे आखूड हवे, डोळे सावज हेरणारे हवेत. तेव्हा अवयवाचा खुलासा त्याच्या कार्यानेच होतो आणि दोन प्राण्यांत साम्य दिसले तर ते त्यांच्या गरजा सारख्या असल्यामुळे, असे त्याचे मत. या मताची कसोटी त्याने १८०४ च्या सुमारास सर्वांसमक्ष करून दाखवली. मोंमार्त्रच्या टेकडीतील जिप्समच्या खाणीत एका लहान प्राण्याचा अश्मीभूत सांगाडा सापडला होता. त्याचा जबडा व दात पाहून क्युव्हिएने सांगितले, की हा अमेरिकेतल्या पिशवीवाल्या ओपोसमच्या जातीचा आहे, म्हणून दगडात दडलेल्या कमरेच्या भागापुढे त्या जातीला असतात तशी दोन विशिष्ट हाडे निघालीच पाहिजेत. मग साक्षीदार बसवून त्याने सुईने कण कण दगड कोरला, आणि दोन्ही हाडे नेमकी निघाली. लोक थक्क झाले, आणि होणे रास्तच होते. पण थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते, की जबड्याच्या कोनाचा कमरेपुढच्या त्या हाडांशी कार्याचा असा काहीच संबंध नाही; दोन्ही एकत्र आढळतात ती घराण्यामुळे, गरजेमुळे नव्हे. आपल्या सिद्धान्ताचा सर्वांत देखणा पुरावा म्हणून क्युव्हिएने जे पुढे केले ते वस्तुतः त्याच्या विरोधकाच्या पक्षाचे होते. पण त्या वेळी हे ओळखणारा कोणी नव्हता.

झोफ्रुआची दृष्टी याच्या नेमकी उलट. अवयवाचे काम विसरा, आकारही विसरा, असे तो म्हणे. फक्त एवढे पाहा की तो कोणाच्या शेजारी आहे. एखादे हाड खुरटेल, फुगेल, दुसऱ्यास चिकटेल, पार नाहीसेही होईल, पण शेजार बदलून दुसरीकडे जाऊन बसणार नाही. १८१८ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने हा नियम सूत्ररूपाने मांडला, आणि संशोधनाची अशी एक किल्ली पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली की जी अद्यापि बोथटलेली नाही. दात नसलेल्या देवमाशाच्या गर्भाच्या जबड्यात त्याला दातांचे अंकुर सापडले होते ते याच विचाराच्या मागावर असताना. मात्र किल्ली चांगली म्हणून प्रत्येक कुलूप त्याने बरोबर उघडले असे नाही. माशांच्या कल्ल्यांवर जे हाडांचे झाकण असते त्याचे प्रतिरूप वरच्या प्राण्यांत कोठे आहे, याचा शोध घेताना त्याने ते मनुष्याच्या कानात आहे असे जाहीर केले: हातोडी, ऐरण आणि रिकीब या ज्या चिमुकल्या हाडांवरून आवाज आत जातो, तीच म्हणे माशाच्या झाकणाची हाडे. कल्पना दिमाखदार होती आणि चुकीची होती.

या बागेत येणारा माल कोठकोठून येई याचा एक दाखला आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. बोर्दो येथील द्युसुमिए नावाचा व्यापारी आपली जहाजे घेऊन हिंदुस्थान व चीनकडे वारंवार येत असे आणि मलबार किनाऱ्यावरून मासे, सरडे, पाखरे जमवून पॅरिसच्या संग्रहालयास पाठवी. आपल्या कोळणी जी मांदेली पाटीत घेऊन बसतात, तिचे शास्त्रीय नाव कोइलिया द्युसुमिएरी आहे. ते १८४८ मध्ये क्युव्हिएचा शिष्य व्हालांस्येन याने ठेवले. त्याच माणसाच्या नावाचा एक उडता सरडा, ड्रेको द्युसुमिएरी, १८३७ मध्ये पॅरिसच्याच प्राध्यापकांनी नोंदला. गोव्यापासून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या रानांत तो झाडावरून झाडावर तरंगत जाताना दिसतो. त्याचा पंख उलगडून पाहिला तर त्यात हात नाही, बोटे नाहीत; पाच ते सात बरगड्या अंगाबाहेर लांबवून त्यांवर कातडे ताणलेले, आणि चारही पाय सरड्याचे सरड्यापाशी शाबूत. पक्ष्याने हाताचा पंख केला, वटवाघळाने बोटांचा केला, याने बरगड्यांचा केला. समवृत्ती म्हणजे काय ते यापेक्षा स्वच्छ दाखवणारे जनावर मला ठाऊक नाही.

दोघा मित्रांचा कज्जा अखेर १८३० मध्ये भर दरबारात उभा राहिला. निमित्त क्षुल्लक होते. दोन अप्रसिद्ध तरुणांनी विज्ञान अकादमीस एक निबंध सादर करून असे सुचवले होते, की माकुळासारख्या मृदुकाय प्राण्याची अंतर्रचना, पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला कमरेत मागे वाकवून मान बुडाला टेकवली तर जशी होईल तशी आहे. झोफ्रुआने १५ फेब्रुवारीला या निबंधावर अनुकूल अहवाल वाचला आणि जाता जाता सर्व प्राण्यांची रचना एकच असल्याचे प्रतिपादन करून टाकले. क्युव्हिएने प्राणिसृष्टीचे चार स्वतंत्र विभाग कल्पिले होते व एकातून दुसऱ्यात जाण्यास वाट नाही असा त्याचा दंडक होता. तेव्हा हा घाव आपल्यावर आहे हे त्याने तत्काळ ओळखले. पुढच्याच आठवड्यात तो रंगीत चित्रे घेऊन आला: एका चित्रात माकुळाच्या कुळीतला प्राणी, दुसऱ्यात तसाच वाकवलेला पृष्ठवंशी. बोट ठेवून ठेवून त्याने दाखवले, की मेंदू येथे आहे तो तेथे नाही, आतड्याचे वळण जुळत नाही, आणि कित्येक अवयव तर एकात आहेत व दुसऱ्यात मुळीच नाहीत. तपशिलात त्याचा विजय निर्विवाद होता. वाद एप्रिलच्या आरंभापर्यंत चालला, प्रेक्षकांची गर्दी होऊ लागली, वर्तमानपत्रे पक्ष घेऊ लागली. आणि ऑगस्टमध्ये वायमार येथे ऐंशी वर्षांच्या गोएथेने भेटीस आलेल्या स्नेह्याजवळ पॅरिसमधल्या महान घटनेचा उल्लेख केला तेव्हा स्नेह्याला वाटले की म्हातारा नुकत्याच झालेल्या जुलै क्रांतीविषयी बोलतो आहे. गोएथेला अभिप्रेत होता तो हा वाद. राजा पदच्युत झाला होता याचे त्याला विशेष नव्हते. त्याने स्वतः १७८४ मध्ये मनुष्याच्या वरच्या जबड्यात, इतर सस्तन प्राण्यांत असते तसे, मधले हाड शोधून काढले होते, तेव्हा त्याचे मन कोणाच्या बाजूला होते हे सांगावयास नको. क्युव्हिए १८३२ मध्ये वारला. झोफ्रुआ शेवटी आंधळा झाला आणि १८४४ मध्ये गेला.

कानातल्या हाडांचा निकाल मात्र या दोघांच्या न्यायालयात लागला नाही. तो जर्मनीत, कोंबडीच्या आणि डुकराच्या गर्भांवर लागला. कार्ल राइखर्टने १८३७ मध्ये गर्भाची वाढ पायरीपायरीने तपासून दाखवले, की सस्तन प्राण्याच्या कानातील हातोडी व ऐरण ही दोन हाडे कल्ल्याच्या झाकणाची नसून सरपटणाऱ्या प्राण्याच्या जबड्याच्या बिजागरीची आहेत; सरड्याचा जबडा ज्या दोन हाडांवर उघडतो व मिटतो, तीच आपल्या कानात जाऊन बसली आहेत. झोफ्रुआचे उत्तर चुकले, पण शेजाराने ओळख पटवण्याची त्याचीच रीत वापरून बरोबर उत्तर आले. येथे आक्षेप असा निघे, की जबड्याची बिजागरी कानात जात असता मधल्या काळात त्या जनावराने खाल्ले कसे? शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर या आक्षेपाला दगडांनी जबाब दिला. वेल्समधील खडकांतून सापडलेल्या, उंदराएवढ्या मॉर्गॅन्युकोडॉन या प्राण्याला, ज्याचे वर्णन १९४९ मध्ये झाले, जबड्याच्या दोन बिजागऱ्या एकमेकींशेजारी आहेत, एक जुनी व एक नवी; नवी कामावर रुजू झाली होती आणि जुनीला अद्याप रजा मिळाली नव्हती.

आता पॅरिस सोडून लंडनला येऊ. जॉन हंटर या शल्यवैद्याने आयुष्याची कमाई खर्चून तेरा हजारांहून अधिक नमुने जमवले आणि १७९३ मध्ये कर्ज मागे ठेवून तो मेला. विल्यम क्लिफ्ट या त्याच्या तरुण मदतनीसाने आठवड्याला सात शिलिंगांवर तो संग्रह सहा वर्षे राखला, तेव्हा कोठे १७९९ मध्ये सरकारने पंधरा हजार पौंडांस तो विकत घेतला आणि शल्यवैद्यांच्या संस्थेच्या हवाली केला. हंटरची हस्तलिखिते त्याच्या मेहुण्याने, सर एव्हरर्ड होमने, पाहावयास म्हणून नेली, त्यांतला बराच मजकूर आपल्या नावावर छापला असा बोभाटा झाला, आणि १८२३ मध्ये ती चक्क जाळून टाकली. क्लिफ्टने काहींच्या नकला आधीच उतरून ठेवल्या होत्या म्हणून थोडेफार वाचले. नमुन्यांचे कागद गेल्यावर हजारो बाटल्या व हाडे पुन्हा ओळखून त्यांची यादी करावयाची हे काम १८२७ पासून ज्याच्याकडे आले, तो रिचर्ड ओवेन. पुढे तो क्लिफ्टचा जावईही झाला. नाव नसलेल्या हाडाला नाव देण्याचा हा धंदा वर्षानुवर्षे करणाऱ्यालाच नावांच्या घोळाची चीड येते. एकाच हाडाला मनुष्याचे वैद्य एक म्हणत, माशांचे अभ्यासक दुसरे, आणि फ्रान्सात तिसरे. ओवेनने १८४३ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानांच्या शब्दसूचीत दोन व्याख्या दिल्या: दुसऱ्या प्राण्यातील अवयवाचेच काम करणारा तो समवृत्ती, आणि रूप व कार्य कितीही पालटले तरी जो तोच अवयव राहतो तो समजात. झोफ्रुआ व क्युव्हिए ज्यावरून भांडले ते एका सूचीतल्या दोन ओळींत वेगवेगळ्या खणांत जाऊन बसले.

ओवेनची तैलबुद्धी १८४९ च्या त्याच्या अवयवांवरील व्याख्यानात दिसते. मनुष्य प्रवासाची साधने करतो तेव्हा पाण्यासाठी होडी, आकाशासाठी बलून आणि रुळांवरून धावण्यासाठी इंजिन, अशी प्रत्येक कामास योग्य ती निराळी रचना करतो, एकाच साच्यातले सुटे भाग सगळीकडे जबरदस्तीने बसवत नाही. मग पोहणारे, उडणारे आणि खणणारे असे सगळे अवयव त्याच त्या हाडांच्या मालिकेतून का निघावेत? प्रश्न बिनतोड होता. उत्तर म्हणून त्याने एक आद्यरूप कल्पिले: विधात्याच्या मनात असलेला पृष्ठवंशी प्राण्याचा एक आदर्श आराखडा, ज्याची नाना रूपे म्हणजे प्रत्यक्षातले प्राणी. त्याचे चित्रही त्याने काढले. ते कोणत्याच प्राण्यासारखे दिसत नाही.

दहा वर्षांनी डार्विनने हेच साहित्य उचलले. मनुष्याचा हात, जमीन उकरणाऱ्या मोलचा पंजा, घोड्याचा पाय, पॉर्पसचे वल्हे, वटवाघळाचा पंख, ही मालिका त्याच्या १८५९ च्या ग्रंथात येते ती हंटर, क्युव्हिए, झोफ्रुआ, ओवेन यांनी लावून ठेवलेल्या दप्तरातून. त्याने बदलला तो फक्त शेवटचा रकाना: आराखड्याच्या जागी पूर्वज. हाडे सारखी, कारण वारसा एक. ओवेनला हे रुचले नाही; त्याने डार्विनच्या ग्रंथावर निनावी आणि कडवट परीक्षण लिहिले. पुढे १८७० मध्ये रे लँकेस्टरने सुचवले, की आता पूर्वज मान्य झाला असेल तर ओवेनच्या संज्ञाही सोडाव्यात व नव्या घ्याव्यात. त्याची एक संज्ञा टिकली, दुसरी विस्मृतीत गेली.

भेद वाटतो तितका सरळ नाही हेही सांगितले पाहिजे. १७८४ मध्ये मानहाइमच्या संग्रहातील एका विचित्र अश्माचे चित्र छापले गेले, तेव्हा तो एखादा समुद्रातला प्राणी असावा असे ठरले होते; क्युव्हिएने १८०१ मध्ये ते चित्र पाहून सांगितले की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे, आणि पुढे त्याला टेरोडॅक्टिल असे नाव दिले. त्याचा पंख एकाच, चौथ्या, बोटावर ताणलेला. पक्षी, वटवाघूळ आणि हा, यांचे पंख समजात की समवृत्ती? हात म्हणून समजात, पंख म्हणून समवृत्ती. कारण तिघांच्या सामाईक पूर्वजाला हात होता, पंख नव्हता. प्रश्न कोणत्या पातळीवर विचारला यावर जबाब अवलंबून आहे, आणि परीक्षेत या मुद्द्यावर विद्यार्थी घसरतात त्यात त्यांचा दोष थोडा आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांचे दप्तर उघडले तेव्हा पॅरिसचा तो जुना कज्जा पुन्हा बोर्डावर आला. माशीचा डोळा आणि उंदराचा डोळा यांहून भिन्न घडणीचे अवयव क्वचितच असतील; तरी १९९५ मध्ये वॉल्टर गेरिंगच्या प्रयोगशाळेत उंदराचे एक जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच जागी कामाला लावले असता तेथे डोळा उगवला, आणि तो उंदराचा नसून माशीचाच डोळा होता. इमारती वेगळ्या, पण बांधकामाचा हुकूम देणारा अंमलदार एकाच घराण्यातला. त्याहून गमतीची गोष्ट झोफ्रुआची. त्याने १८२२ मध्ये एक लॉब्स्टर उताणा करून चित्र काढले होते व म्हटले होते, की याची पाठ म्हणजे आपले पोट समजा, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, आतडे आणि हृदय यांचा क्रम आपल्यासारखाच लागतो. शंभरावर वर्षे ते चित्र थट्टेचा विषय होते. १९९० च्या दशकात आढळले, की माशीच्या गर्भात पोटाची बाजू ठरवणारे आणि बेडकाच्या गर्भात पाठीची बाजू ठरवणारे जनुक एकाच कुळातले आहे.

म्हणून १८३० च्या वादाचा निकाल आज पुन्हा लिहावयाचा झाला तर मी तो असा लिहीन: माकुळाच्या मुद्द्यावर क्युव्हिए जिंकला आणि ते न्याय्य होते, पद्धतीच्या मुद्द्यावर झोफ्रुआ जिंकला, आणि ज्या दोघांनाही न मानणाऱ्या ओवेनने दोन ओळींत त्यांची वाटणी करून दिली, त्याच्या त्या व्याख्या आजच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ शब्दशः शिकवल्या जातात, मात्र त्याचे आद्यरूप कोठेही शिकवले जात नाही.